अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांची वॉकिंग टूर कशी करायची

बोट राइड सगळेच घेतात, पण कालव्यांचा जुना भाग खरा कळतो तो चालतच, त्यामुळे गाइडेड वॉक नक्की घ्या. सकाळचा स्लॉट पकडा, गर्दी कमी असते. गाइडसोबतच्या ग्रुपमध्ये इथे जास्तीत जास्त 15 जणच चालतात, सो आधीच बुक करून ठेवलेलं बरं. फ्री टूर म्हणतात त्यात शेवटी टिप द्यायची असते हां, ते धरून चला.

हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन मेन कालवे, खोदकाम 1613 ला सुरू झालं आणि 2010 पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. चालताना मान वर ठेवा! बहुतेक जुन्या घरांच्या टोकाला एक तुळई बाहेर आलेली दिसेल, तिला हूक असतो, जिने इतके अरुंद की सामान दोरीने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे (अजूनही घेतात), आणि ते भिंतीला घासू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलीयेत. गाइडला हे एखाद्या घरासमोर थांबून दाखवायला सांगाच, फार भारी वाटतं बघायला.

रेगुलियर्सग्राख्त या कालव्यावर एका जागेवरून ओळीने सात पूल दिसतात, फोटो तिथे. अ‍ॅन फ्रँकचं घर प्रिन्सेनग्राख्तवरच आहे पण आत जायचं तिकीट वेगळं, फक्त ऑनलाइन, आणि पटकन संपतं.

आणि प्लीज, सायकलच्या लेनमध्ये उभं राहू नका, कोणी थांबत नाही.