सात इंची मिनी लेथचा स्पिंडल बदलताना

सीग सी३ किंवा त्याच घडणीचं ७ बाय १२, ७ बाय १४ मिनी लेथ असेल तर स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा पोकळ दांडा, बदलायची वेळ साधारण तीन कारणांनी येते. चालत्या चकला (काम धरणाऱ्या जबड्याला) टूलपोस्ट, म्हणजे टूल धरणारा भाग, धडकून स्पिंडल वाकतो, ८० मिमीच्या जागी १०० मिमी चक थेट बसवायचा असतो, नाहीतर मशीन पाण्यात गेलेलं असतं. सांगलीत हे तिसरं कारणही नवलाचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी शिरलेल्या मशिनात सीटवर, म्हणजे स्पिंडलवर बेअरिंग बसतं त्या जागी, गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात. वरवरचा गंज पॉलिश पेपरने जातो. नखाला अडकणारे खड्डे सीटवर असतील तर तो स्पिंडल भंगारात घाला.

पण दोष स्पिंडलचाच आहे ना, हे आधी बघा. चक काढा, फ्लँजवर चक बसायचा जो उंचवटा असतो (रजिस्टर) त्यावर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तेवढाच हलत असेल तर स्पिंडल वाकलाय. दर फेऱ्याला वेगळं काहीतरी दाखवत असेल, मधेच अडखळत असेल, तर बेअरिंग गेलंय. मग नव्या स्पिंडलचे पैसे वाचले.

मापं घेतल्याशिवाय काही ठोकू नका

नवा स्पिंडल जुन्याशेजारी ठेवून खांदे, चावीच्या (गिअर स्पिंडलसोबत फिरावा म्हणून घालतात त्या लोखंडी तुकड्याच्या) खाचा आणि मागचे आटे जुळवा. या मशिनांत सहसा ६२०६ बेअरिंग असतं: आत ३० मिमी, बाहेर ६२, रुंदी १६. सीट मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा. ३०.००२ ते ३०.०११ मिमी आलं पाहिजे. ३० च्या खाली असेल तर आतली रिंग सीटवर फिरत राहील आणि सीट खाईल. ३०.०२ असेल तर रिंग ताणली जाऊन बेअरिंगमधली फट संपेल आणि ते तापेल. घरी मायक्रोमीटर नसेल तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करणाऱ्याकडे स्पिंडल न्या. मोजून मिळेल, आणि जास्तीचे पाच-दहा मायक्रॉन तिथेच निघतील.

१०० मिमी चकचा स्पिंडल घेत असाल तर रजिस्टर ७२ मिमी, भोकांचं वर्तुळ ८४ मिमी आणि बोल्ट एम८ हवेत. ८० च्या चकला हेच ५५, ६६ आणि एम६ असतं.

बेअरिंग नवंच घाला. मोटार रिवाइंडिंगवाल्यांना लागतं म्हणून ६२०६ कुठेही मिळतं, पण त्याच कारणाने दुकानदार न विचारता सी३ क्लिअरन्सचं (आत जास्त फट असलेलं; लेथच्या सी३ नावाशी याचा संबंध नाही) देतो. मोटारीला ते योग्य, लेथला नको. ६२०६ मध्ये साध्या क्लिअरन्सची फट ५ ते २० मायक्रॉन असते, सी३ ची १३ ते २८. डब्यावर ‘सी३’ लिहिलेलं असेल तर परत द्या. टेपर रोलर, म्हणजे ३०२०६, घालायचा मोह अनेकांना होतो. ते जास्त कडक चालतं हे खरं, पण रुंदी १७.२५ मिमी आहे. दोन्हीकडे मिळून अडीच मिमी स्पेसरमधून (अंतर राखणाऱ्या नळीतून) कमी करावे लागतात, वर ते जास्त तापतं. हौशी कामाला नवं ६२०६ पुरतं.

जुना काढणं

प्लग काढा, प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. चक, गिअरचं कव्हर, चेंज गिअर, कंट्रोल बॉक्स, पट्टा या क्रमाने उतरवा आणि बेडच्या खालून येणारे बोल्ट सोडून हेडस्टॉक (स्पिंडल ज्यात बसतो ती पेटी) टेबलावर घ्या. मागचे दोन्ही खाचांचे नट, स्पेसर आणि गिअर काढा. गिअरखालची चावीही काढा. ती विसरली तर मागच्या बेअरिंगच्या रिंगमध्ये अडकते आणि स्पिंडल ना पुढे येतो ना मागे जातो. फ्लँजमागच्या कव्हरचे स्क्रू सोडा.

आता हातोडी लांब ठेवा. एम१२ चा आटेवाला रॉड स्पिंडलच्या २० मिमी भोकातून आरपार घाला. मागच्या टोकाला स्पिंडलवर टेकणारा, पण बेअरिंगमधून जाईल असा २५ मिमी वॉशर आणि नट. पुढे फ्लँज आत मावेल असा पाइपचा तुकडा हेडस्टॉकच्या तोंडावर उभा करा, त्यावर जाड पट्टी, वर नट. नट आवळत गेलात की स्पिंडल पुढे येतो. आतले हाय-लो गिअर बहुतेक प्लास्टिकचे असतात. ते पडतील म्हणून एक हात खाली असू द्या.

बसवणं

सगळं काम एका नियमावर आहे: दाब एका रिंगवरून गोळ्यांमार्फत दुसऱ्या रिंगवर जाता कामा नये. तसा गेला की रिंगमध्ये गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

आधी पुढचं कव्हर नव्या स्पिंडलवर ओवा. हे विसरून बेअरिंग चढवलं की सगळं उलटं काढावं लागतं, आणि हे विसरतंच.

बेअरिंग ओटीजीत ८० ते ९० अंशांवर वीस मिनिटं ठेवा. गॅसची ज्योत नको, सील वितळतं. साठ अंशांनी तापल्यावर ३० मिमीचं भोक जवळपास ०.०२ मिमीने मोठं होतं, म्हणजे ते सीटवर घसरत जातं. मात्र गार होताना ते रुंदीतही आकसतं आणि खांद्यापासून किंचित सुटतं. म्हणून पूर्ण गार होईपर्यंत आतल्या रिंगवर पाइप टेकवून दाबून धरा. नंतर खांदा आणि रिंग यांमध्ये ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) शिरता कामा नये.

हेडस्टॉकचं पुढचं भोक हॉट एअर गनने हाताला सोसवेल इतपत गरम करा, म्हणजे बेअरिंगसकट स्पिंडल जोर न लावता आत जाईल. तो सरकत असताना गिअर आणि स्पेसर क्रमाने ओवा, चावी खाचेत आणा. मागचं बेअरिंग त्याच रॉडने ओढून बसवा, पण मध्ये दोन्ही रिंगांवर एकदम टेकणारा सपाट वॉशर घाला.

नट आवळताना घाई नको. एम२७ बाय १.५ चा आटा असेल तर दहा अंश फिरवण्यात नट ०.०४ मिमी सरकतो, आणि बॉल बेअरिंगला एवढंही फार होतं. फ्लँजच्या तोंडावर डायल लावून स्पिंडल पुढे-मागे ढकला. काटा हलायचा थांबला आणि स्पिंडल बोटांनी मोकळा फिरतोय, तिथे पहिला नट धरून दुसरा आवळा. दुसरा आवळताना पहिला थोडा फिरतोच, म्हणून पुन्हा तपासा.

हेडस्टॉक चढवा, सर्वात कमी वेगात १५ मिनिटं चालवा, मग वेग वाढवत न्या. खोलीच्या तापमानापेक्षा २०-२५ अंश वर जाणं ठीक. सांगलीच्या मे महिन्यात खोलीच ३८ वर असते, तेव्हा फक्त हात लावून अंदाज बांधू नका. वाढ त्याहून जास्त असेल तर नट सैल करा. रजिस्टरचा रनआउट, म्हणजे एका फेऱ्यात डायलचा काटा हलतो तो एकूण फरक, ०.०१ मिमीच्या आत आला पाहिजे.

राहिली सरळ रेषा, म्हणजे स्पिंडलचा अक्ष बेडला समांतर आहे का ते. ३० मिमी बार चकबाहेर १२० मिमी ठेवून, टेलस्टॉक (बारच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) न लावता, १०० मिमी अंतरावर दोन कॉलर (जाड कडी) ठेवा आणि मधला भाग उतरवा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता, दोन्हीवर ०.१ मिमीचा कट घ्या आणि मोजा. टेलस्टॉककडची कॉलर ०.०४ ने जाड असेल तर अक्ष त्या टोकाला ०.०२ मिमी मागे, तुमच्यापासून दूर गेलाय. बोल्ट अर्धवट सैल करून हेडस्टॉकला नायलॉन हातोडीने हलका धक्का द्या, आवळा, पुन्हा कट घ्या. जमतच नसेल तर हेडस्टॉक बसतो त्या बेडच्या व्ही आकाराच्या एका उतारावर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा घाला, पण जाडी मोजून.

दहा तास काम झाल्यावर नट परत एकदा तपासा. नवे स्पेसर दबतात आणि तेवढी फट तिथे उघडते.