घटनादुरुस्तीबद्दल बोलताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत दर शनिवारी संविधानाचं वाचन होतं. स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, गावातली चार वडीलधारी मंडळीही येतात. तिथे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘दोन तृतीयांश बहुमत मिळालं की सरकार संविधान हवं तसं बदलू शकतं’ हे एक, आणि ‘बाबासाहेबांच्या घटनेला कुणी हात लावू शकत नाही’ हे दुसरं. दोन्ही तळमळीनं बोलली जातात आणि दोन्ही चूक आहेत. पहिल्या वाक्यानं माणूस उगाच घाबरतो, दुसऱ्यानं उगाच निर्धास्त होतो. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं काय लिहिलेलं आहे, ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दोन तृतीयांश, पण कशाचे?

घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ मध्ये दोन अटी आहेत आणि त्या एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं हवीत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश मतं हवीत. आजची लोकसभा ५४३ जणांची. समजा मतदानात ३९० जणांनी भाग घेतला. त्याचे दोन तृतीयांश होतात २६०. तेवढ्यावर विधेयक मंजूर झालं असं बरेच विद्यार्थी लिहून येतात. पण पहिल्या अटीला २७२ लागतात, म्हणून ते पडतं. उलट बाजूचं खरं उदाहरण म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३वी सुधारणा, म्हणजे घटनादुरुस्ती. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत बाजूनं ३२३ आणि विरोधात ३ मतं पडली. दोन तृतीयांशाला २१८ पुरली असती, तरी खरी कसोटी निम्म्या सभागृहाची होती.

हेच गणित राज्यसभेत वेगळं, स्वतंत्रपणे जमावं लागतं. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही तर संयुक्त बैठक घेऊन मार्ग काढता येतो, हा आणखी एक गैरसमज. ती सोय साध्या विधेयकांसाठी आहे, घटनादुरुस्तीसाठी नाही. १९८९ मध्ये पंचायत राजचं ६४व्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत थोडक्यात पडलं आणि तिथंच संपलं. ग्रामसभेला आणि गावातल्या महिला आरक्षणाला संविधानाचा आधार मिळायला ७३व्या सुधारणेची, म्हणजे २४ एप्रिल १९९३ ची वाट पाहावी लागली.

राज्यांना कधी विचारलं जातं आणि कधी नाही

प्रत्येक दुरुस्ती विधानसभांकडे जाते, असं समजू नका. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र-राज्यांतली अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या केंद्र, राज्य आणि समाईक विषयांच्या सूच्या, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व आणि खुद्द अनुच्छेद ३६८, अशा संघराज्याशी थेट जोडलेल्या विषयांसाठीच किमान निम्म्या राज्यांची मान्यता लागते. जीएसटीची दुरुस्ती त्यात मोडत होती, म्हणून २०१६ मध्ये ती आपल्या विधिमंडळासमोरही आली. मूलभूत हक्क मात्र या यादीत नाहीत. हे सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता पसरते, आणि ती योग्यच आहे.

याच्या अगदी उलट टोकाला राज्यांची निर्मिती. १ मे १९६० चा महाराष्ट्र मुंबई पुनर्रचना अधिनियमातून आला, म्हणजे संसदेच्या साध्या बहुमताच्या कायद्यातून. अनुच्छेद ४ स्पष्ट सांगतो की असा कायदा ३६८च्या अर्थानं घटनादुरुस्ती मानला जाणार नाही. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. तेलंगणच्या वेळी हेच दिसलं. गोव्याला ३० मे १९८७ रोजी राज्याचा दर्जा मिळाला तोही पुनर्रचना कायद्यानं. ५६व्या सुधारणेनं फक्त तिथल्या विधानसभेच्या किमान सदस्यसंख्येची तरतूद संविधानात घातली.

क्रमांकांचा घोळ

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात सर्वाधिक आढळणारी ही चूक आहे. विधेयकाचा क्रमांक आणि मंजूर झालेल्या सुधारणेचा क्रमांक वेगळा असतो, कारण सगळीच विधेयकं मंजूर होत नाहीत. जीएसटीचं विधेयक १२२वं, सुधारणा १०१वी. महिला आरक्षणाचं विधेयक १२८वं, सुधारणा १०६वी. डिसेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक निवडणूक’साठी १२९व्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं, म्हणून काही आपल्या संविधानात तोवर १२९ दुरुस्त्या झालेल्या नव्हत्या.

शिवाय न्यायालयानं रद्द केलेली दुरुस्तीही मोजणीत तशीच राहते. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग आणणारी ९९वी सुधारणा निम्म्याहून अधिक राज्यांच्या मान्यतेनंतरही ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. तरी त्यानंतर आलेली सुधारणा १०१वीच.

‘मूलभूत संरचना’ कोणत्या कलमात आहे?

कोणत्याच नाही. हा शब्दप्रयोग संविधानात शोधत बसू नका. तो सर्वोच्च न्यायालयाच्या २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालातून आला. तेरा न्यायाधीशांचं पीठ होतं आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला: संसद कोणताही अनुच्छेद बदलू शकते, पण संविधानाची मूलभूत संरचना मोडू शकत नाही. तिची बंद यादी न्यायालयानं दिली नाही. संविधानाची सर्वोच्चता, न्यायालयीन पुनर्विलोकन (कायदे संविधानाला धरून आहेत का ते तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार), धर्मनिरपेक्षता, संघराज्य अशी तत्त्वं निकालांमधून पुढे येत गेली. गाइडमधली दहा-बारा मुद्द्यांची यादी अंतिम समजून पाठ केली, की हा सिद्धान्त जिवंत आहे हेच हातून निसटतं.

मराठा आरक्षणाच्या चर्चेतही असाच गोंधळ झाला. पन्नास टक्क्यांची मर्यादा संविधानातल्या कुठल्याही अनुच्छेदात लिहिलेली नाही. ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली आहे. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या कायद्यातलं मराठा आरक्षण रद्द केलं तेव्हा दोन वेगळे प्रश्न होते: ही मर्यादा ओलांडण्याइतकी असाधारण परिस्थिती आहे का, आणि १०२व्या सुधारणेनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडे उरला आहे का. ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या १०५व्या सुधारणेनं दुसरा प्रश्न सोडवला. पहिल्याला तिनं हात लावला नाही. ‘केंद्रानं दुरुस्ती केली, आता आरक्षण परत आलं’ असं सांगणारे बरेच जण तेव्हा भेटले, आणि आशेवर बसलेल्या तरुणांना ते ऐकवलं जात होतं याचं मला फार वाईट वाटलं.

मंजूर झाली म्हणजे लागू झाली नव्हे

परीक्षेत आणि भाषणात दोन्हीकडे इथे चूक होते. उद्देशिकेत ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आणणारी ४२वी सुधारणा १९७६ ची, पण ते शब्द अमलात आले ३ जानेवारी १९७७ पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी ८६वी सुधारणा २००२ ची. तो हक्क प्रत्यक्षात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या वर्षांत किती मुलांचं शाळेत जायचं वय सरून गेलं असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पडताळणी घरबसल्या होते. संविधानाची अधिकृत प्रत उघडा. मराठीतही ती आहे. नंतर घातलेला मजकूर चौकोनी कंसात असतो, त्यावर बारीक आकडा, आणि पानाच्या तळाशी कोणत्या सुधारणेनं आणि कधीपासून, ते लिहिलेलं असतं. तळटीप वाचल्याशिवाय अनुच्छेद वाचला असं मानू नका. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून अडकवून ठेवण्याचा, अनुच्छेद २२ काढा. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणाला तीन महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येतं, ती मुदत दोन महिन्यांवर आणणारा मजकूर ४४व्या सुधारणेनं १९७८ मध्ये मंजूर केला. तो मुख्य मजकुरात सापडणार नाही. अमलात आणण्याची अधिसूचना त्या भागापुरती निघालीच नाही, म्हणून तो आजही तळटीपेत आहे.