सेमिनारची धडधड: आधी स्वतःशी नीट बोला

सेमिनारला उभं राहिलं की घसा बहुतेकांचा कोरडा पडतो. पण गडहिंग्लज-चंदगडहून शिवाजी विद्यापीठात आलेला मुलगा मेस रिकामी झाल्यावरच जेवायला जातो, शंका असूनही विचारत नाही आणि हे सहा महिने चालतं, तेव्हा ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ही लोकांची भीती, म्हणजे सोशल अँग्झायटी, असू शकते.

आधी आपली अटॅचमेंट, म्हणजे जवळच्या माणसांवर विसंबायची लहानपणापासूनची सवय, ओळखा. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मानसतज्ज्ञांनी मांडलेली ही कल्पना. चिंतेचा कल असलेल्याला आपण नकोसे होऊ असं सारखं वाटतं. बोलून झालं की तो मित्राला तीनदा विचारतो, ‘भावा, बरं झालं नव्हं?’ अंतर राखणारा गटाच्या प्रोजेक्टमधून हळूच अंग काढतो. लोकांच्या भीतीशी पहिल्या कलाचा संबंध जास्त घट्ट दिसतो. (यावरून आईबापांना दोष देत बसू नका, संबंध म्हणजे कारण नव्हे.)

दोघांचाही आतला आवाज बऱ्याचदा कठोर असतो. तिथे आत्मकरुणा, म्हणजे स्वतःशीही मित्रासारखं वागणं, लागते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले, ते वहीत असे उतरवा. सेमिनारनंतर १० मिनिटं, तीन वाक्यं: काय झालं (‘दुसऱ्या स्लाइडला अडखळलो’, ‘वाट लागली’ नव्हे), असं आणखी कुणाचं होतं, हेच मित्राचं झालं असतं तर त्याला काय म्हणालो असतो. अंतर राखणाऱ्याला स्वतःशी गोड बोलणं खोटं वाटतं. त्याने मित्राच्या वाक्यापासूनच सुरुवात करावी.

नुसत्या वहीने भागत नाही. भीतीला ० ते १०० गुण देऊन पायऱ्या लावा: केएमटीत (कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये) कंडक्टरला थांबा विचारणं २०, वर्गात एक शंका ५०, सेमिनार ८०. ४० गुणांच्या आतल्या पायरीपासून सुरुवात करा, एकच पायरी आठवड्यात तीन-चारदा. जाण्याआधी ‘सगळे हसतील’ असा अंदाज लिहा, आल्यावर किती हसले ते लिहा.

इथे हमखास फसतं ते मोबाइलमध्ये डोकं घालण्यामुळे किंवा स्लाइड जशीच्या तशी वाचण्यामुळे. निभावलं तरी मन म्हणतं, मोबाइल होता म्हणून वाचलो. दुसरी चूक: ‘स्वतःवर दया’ म्हणून सेमिनारच टाळणं. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुढच्या वेळी भीती वाढलेली असते.

परीक्षा बुडू लागली किंवा जगणं नको वाटलं तर वही बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना भेटा.