मुलांना डोंगरावर नेताना फाट्यावर थांबा

पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज हे डोंगर नाशिकपासून जवळच आहेत, म्हणून शाळेच्या किंवा सोसायटीच्या मुलांना तिथे न्यायला फारसा विचार करावा लागत नाही. थोडा करावा. शहराजवळच्या टेकडीवर मळलेल्या वाटेला जागोजागी ढोरवाटा फुटतात, आणि पुढे पळणारी मुलं नेमकी त्यातच शिरतात. दगडावर रंगवलेला बाण असला तरी गप्पांच्या नादात तो दिसत नाही.

म्हणून एकच नियम निघण्याआधी पक्का करा: वाट फुटली की पुढच्याने तिथेच बसायचं, शेवटचा येईपर्यंत उठायचं नाही. मग मोजणी, मग पुढे. सर्वांत पुढे एक मोठा माणूस, सर्वांत मागे दुसरा, आणि सगळ्यात हळू चालणारं मूल पुढच्या माणसाच्या लगेच मागे. यामुळे अख्ख्या गटाचा वेग आपोआप त्या मुलाएवढा राहतो आणि कुणी एकटं मागे पडत नाही. वेगवान मुलं कुरकुरतील. त्यांना बाण शोधायचं काम द्या.

कड्याखाली आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, धूर, दगडफेक पूर्ण बंद. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून लांब निघायचं.

मार्चनंतर सकाळी दहाच्या आत खाली उतरा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ हवेत.