फर्मवेअर अपग्रेडनंतर राउटर रॉममॉनमध्ये अडकला: माझा अनुभव

अंधेरीच्या ऑफिसातला राउटर रीलोडनंतर वर येईना. कन्सोलवर (राउटरला थेट केबलने जोडलेल्या पडद्यावर) नुसता रॉममॉनचा प्रॉम्प्ट. मुख्य सॉफ्टवेअर सुरू झालं नाही की राउटर ज्या छोट्या बचाव-प्रोग्रामवर थांबतो, तो रॉममॉन. फ्लॅशमधली (राउटरच्या कायम साठवणीतली) इमेज, म्हणजे फर्मवेअरची फाइल, अर्धवट निघाली. ती टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, कॉपी केली होती. जुना टीएफटीपी सर्व्हर ५१२ बाइटचे ब्लॉक पाठवतो आणि ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा. म्हणजे ६५,५३५ ब्लॉक झाले, साधारण ३२ एमबी, की कॉपी तिथेच तुटते. इमेज त्याहून मोठी होती.

एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर इमेज घेऊन रॉममॉनमधून थेट यूएसबीवरून बूट केलं. एक्समोडेमच्या, म्हणजे कन्सोल केबलवरूनच फाइल पाठवायच्या, वाटेला जाऊ नका. त्या केबलच्या ९६०० बॉड वेगाला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, १०० एमबीला दिवस उलटतो.

मग तुटकी फाइल पुसून नवी फ्लॅशवर टाकली आणि तिचा एमडी५ (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा) उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडला. खरं तर हे रीलोडच्या आधीच करायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

कोणती इमेज सुरू करायची ते सांगणाऱ्या कॉन्फिगरेशनमधल्या ‘बूट सिस्टीम’च्या ओळी वरून खाली वाचल्या जातात, म्हणून नवी इमेज वर, जुनी खाली ठेवा. कॉन्फिग रजिस्टर (राउटरने सुरू कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा) २१४२ राहिला तर सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वाचलंच जात नाही, २१०२ करा. आणि शेवटची लोकल गेल्यावर रीलोड देणार असाल, तर कन्सोल केबल घेऊन एक माणूस राउटरपाशी हवाच.