ब्लॅक हिस्टरी मंथ: मंडळाच्या हॉलपासून सिटी हॉलपर्यंत

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचा फेब्रुवारी भरलेला असतो. रथसप्तमीपर्यंत लांबलेलं हळदीकुंकू, १९ तारखेची शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन. त्याच महिन्यात मुलं शाळेतून ब्लॅक हिस्टरी मंथचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्याचे, तक्ते रंगवून आणतात आणि ते फ्रिजवर लागतात. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र या विषयाला क्वचितच जागा मिळते.

खरं तर मंडळांचा याच्याशी थेट संबंध आहे. १९४६ पासून जवळजवळ वीस वर्षं भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना स्थलांतरित म्हणून अमेरिकेत येता येत असे. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याच वातावरणात आणि त्याच काँग्रेसमध्ये मंजूर झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही झाली आणि देशांच्या वंशनिष्ठ कोट्यांचा काळ संपला. आजची बहुतेक मंडळं त्यानंतर आलेल्यांनी उभी केली.

या इतिहासातले कितीतरी प्रसंग एखाद्या साध्या खिडकीसमोर किंवा काउंटरसमोर घडले. ३१ ऑगस्ट १९६२ ला कृष्णवर्णीय शेतमजूर फॅनी लू हेमर मिसिसिपीतल्या इंडियनोलाच्या कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायला लावला आणि नापास केलं. घरी परतल्यावर मळेमालकाने त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं. म्हणून मंडळाने या महिन्यात एक कार्यक्रम करावा आणि तो असा आखावा की तो हॉलमध्ये संपणार नाही. शेवटी चार माणसं तरी एखाद्या सरकारी खिडकीपर्यंत पोचली पाहिजेत.

नोव्हेंबर: माणसं आणि जागा

जानेवारीत सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. स्थानिक कृष्णवर्णीय इतिहासकार, चर्चची जुनी मंडळी आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या शाखेचे लोक यांचा फेब्रुवारी नाताळाआधीच भरून जातो. नोव्हेंबरमध्ये फोन करा आणि मानधनाचं पहिल्याच फोनवर बोला. गायकाच्या मैफलीला पाकीट आणि या वक्त्याला शाल-श्रीफळ असा हिशेब नको. सार्वजनिक ग्रंथालयाची खोली ना-नफा संस्थांना बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळते, पण तिथे तिकीट लावायला सहसा परवानगी नसते. जेवणाचे नियमही आधी विचारून घ्या.

विषय गावातलाच निवडा. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स मुलांना पाठ आहेत. तुमच्या गावात पोहण्याचा तलाव कोणाला बंद होता, हायवे कोणाच्या वस्तीतून गेला, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत नसतं. ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात जुनी वर्तमानपत्रं आणि शहराच्या डिरेक्टऱ्या असतात. १९५० च्या जनगणनेतल्या घरोघरच्या नोंदी २०२२ पासून सगळ्यांना खुल्या आहेत. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांतल्या वस्त्यांना कर्जासाठी श्रेणी देऊन नकाशे रंगवले होते, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल. हे नकाशे रिचमंड विद्यापीठाने ऑनलाइन ठेवले आहेत. आपलं शहर त्यात आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात.

डिसेंबर: स्वतःच्या घराचा कागद

एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो वसाहतींच्या कागदपत्रांत एक अट घातली जाई: ही जागा गोऱ्यांखेरीज कोणाला विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. बऱ्याचदा लगेच पुढे अपवाद असे की घरकामाचा नोकर असेल तर तो राहू शकतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या कित्येक कागदांत ‘एशियाटिक’ माणसांनाही मज्जाव होता. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालाने कोर्टांना ही अट अमलात आणायला मनाई केली आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने अशा भेदभावालाच बंदी घातली. कागदावरचा मजकूर मात्र तसाच राहिला.

शोधायची रीत अशी. घर घेताना मिळालेला टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकीहक्काचा अहवाल, काढा. त्यातल्या अपवादांच्या यादीत जुने कव्हेनंट, म्हणजे जमिनीला घातलेल्या अशा अटी, नोंदवलेले असतात आणि बाजूला पुस्तक-पान क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात, जा. काही राज्यांत याच कार्यालयाला रजिस्टर ऑफ डीड्स किंवा ऑडिटर म्हणतात. टायटल रिपोर्ट हाताशी नसेल तर वसाहतीच्या मूळ नकाशाचं, म्हणजे प्लॅटचं, नाव आणि लॉट क्रमांक सांगा.

इथे एक चूक हमखास होते. घर १९७२ चं आहे म्हणून लोक १९७२ पासूनचे कागद बघतात आणि काही नाही असं ठरवून परततात. अट घराला नसते, जमिनीला असते. जमिनीचे तुकडे १९२५ मध्ये पाडले असतील तर अटही तेव्हाची. शोध प्लॅटच्या वर्षापासून पुढे, साधारण १९५० पर्यंत करायचा. दुसरी अडचण म्हणजे जुन्या नोंदी पत्त्यावर लावलेल्या नसून विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावांवर लावलेल्या असतात. त्यामुळे आजच्या मालकापासून एकेक नाव मागे जावं लागतं. कारकुनाला नीट विचारलं तर तो अनुक्रमणिका कशी वाचायची ते दाखवतो.

अट सापडली तर कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा राज्यांत मालकाला ती अधिकृतपणे नाकारणारा दस्त नोंदवता येतो. फॉर्म काउंटीकडे मिळतो. वॉशिंग्टनमध्ये या दस्ताला नोंदणी शुल्क नाही, इतर ठिकाणी विचारून घ्या. दस्त नोंदवला म्हणजे जुनं पान फाडलं जात नाही, आणि ते चांगलंच आहे. त्या पानाची मोठी छायाप्रत कार्यक्रमात भिंतीवर लावा. लोक भाषणापेक्षा जास्त वेळ तिच्यासमोर उभे राहतात.

फेब्रुवारी: दोन तासांचा कार्यक्रम

पाहुण्या वक्त्याला ४० मिनिटं आणि प्रश्नांना २० मिनिटं द्या. बाकीचा तास आपला. यजमान मंडळाची लांबलचक प्रस्तावना यात बसत नाही.

आपल्या बाजूचं साहित्य भरपूर आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना. ती अर्पणपत्रिका एखाद्या मुलाने वाचावी. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि डुबॉइस यांनी उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत. इतकी छोटी आहेत की दोघांनी समोरासमोर उभं राहून वाचली तर पाच मिनिटांत होतात.

नागपूरकरांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यातले नेते जेम्स लॉसन यांच्याबद्दल बोलावं. कोरियन युद्धात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून हा तरुण १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे तीन वर्षं राहून त्याने गांधींच्या मार्गाचा अभ्यास केला आणि परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. तालीम प्रत्यक्ष व्हायची: काहीजण गुंड बनून शिव्या देत, खुर्चीवरून ओढत आणि बाकीचे हात न उचलता बसायचं शिकत. १३ फेब्रुवारी १९६० ला हे विद्यार्थी गावातल्या दुकानांच्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसले. त्यांना दिलेल्या सूचनांत ताठ बसा, तोंड काउंटरकडेच ठेवा, अशा बारीकसारीक गोष्टीही होत्या. १० मे रोजी तिथल्या काही काउंटरवर कृष्णवर्णीयांना पहिल्यांदा वाढलं गेलं.

वेशभूषा स्पर्धेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे भूमिकेसाठी चेहरा रंगवणं सर्रास चालतं. इथे मात्र तोंडाला काळा रंग लावणं म्हणजे १९ व्या शतकापासून कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांची आठवण, मग हेतू कितीही चांगला असो. टोपी, चष्मा, हातात पुस्तक एवढं पुरतं. पालकांना ही सूचना लेखी पाठवा, नाहीतर कोणीतरी काजळ घेऊन येतंच. फलकांवर लिहायची वचनंही व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलू नका. मूळ भाषण सापडलं तरच लिहा.

त्याच हॉलमध्ये: नोंदणीचं टेबल

मतदार नोंदणीचं टेबल लावण्याआधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन करा. दुसऱ्यांचे फॉर्म गोळा करण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये त्यासाठी काउंटीकडून नेमणूक लागते. मंडळ करमुक्त संस्था असेल तर नोंदणी करता येते, पण उमेदवाराचं नाव, बिल्ला किंवा पत्रक टेबलावर दिसता कामा नये.

सर्वात मोठा धोका वेगळाच आहे. एच-वन किंवा ग्रीनकार्डवर असलेल्याने हा फॉर्म भरायचा नाही, चुकूनसुद्धा नाही. लायसन्सच्या कार्यालयात कारकून विचारतो तेव्हाही ‘नाही’ म्हणायचं. नागरिकत्वाचा खोटा दावा नोंदला गेला तर पुढे नागरिकत्व अडकतं आणि देशाबाहेर पाठवलं जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. टेबलावर बसणाऱ्याने पेन देण्याआधी ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?’ हा एकच प्रश्न विचारावा, ओळखीच्या माणसालाही.

नागरिक नसलेल्यांना करण्यासारखं कमी नाही. कॅलिफोर्नियात ग्रीनकार्डधारक मतदान केंद्रावर काम करू शकतात. मुलं नागरिक असतील तर बऱ्याच राज्यांत सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांनाही हे काम मिळतं, पैसेही मिळतात. सिटी कौन्सिलच्या, म्हणजे शहराच्या नगरपरिषदेच्या, सभेत तर बहुतेक ठिकाणी कोणीही बोलू शकतं.

मार्च: तीन मिनिटं

सिटी कौन्सिलच्या सभेची विषयपत्रिका काही दिवस आधी शहराच्या संकेतस्थळावर येते. कॅलिफोर्नियात नियमित सभेची ७२ तास आधी लावणं बंधनकारक आहे. तुमचा विषय तिच्यात असेल तर त्या क्रमांकावर, नसेल तर सर्वसाधारण वेळेत नाव द्या. या दुसऱ्या प्रकारात सभासद सहसा उत्तर देत नाहीत, समोर बघत बसतात. तो अपमान नव्हे. पत्रिकेत नसलेल्या विषयावर चर्चा करायला त्यांना बहुधा मनाई असते.

वेळ दोन किंवा तीन मिनिटं. तीन मिनिटांना इंग्रजीतले ३०० शब्द पुरे. लिहून आणून वाचलेलं चालतं. पहिल्या वाक्यात नाव, वस्ती आणि मागणी सांगा, कारण मागणी शेवटी ठेवणाऱ्यांचा माइक बरोबर तिच्याआधी बंद होतो. मागणी एकच असावी आणि त्यांच्या हातातली असावी: हायवेखाली गेलेल्या जुन्या वस्तीच्या जागी फलक, किंवा कव्हेनंट शोधणाऱ्यांसाठी ग्रंथालयात महिन्यातून एक मदतीचा दिवस. शाळेतल्या अभ्यासक्रमाचा विषय इथे काढू नका. त्यासाठी स्कूल बोर्ड वेगळं आहे आणि त्याची सभा वेगळ्या वारी असते. भाषणाची प्रत दुसऱ्या दिवशी सिटी क्लार्कला ईमेल करा. पुढच्या सभेला मागणी पत्रिकेवर आली का ते बघायचं काम मंडळातल्या एका माणसाकडे नाव घेऊन सोपवा.