चालती प्रतिकृती पारखताना आधी बॅटरी पाहा
विज्ञानकथेतल्या उपकरणाची चालती प्रतिकृती, उदाहरणार्थ 1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कम्युनिकेटरसारखा (झाकण उघडून बोलायच्या, हातात मावणाऱ्या संपर्कयंत्रासारखा) दिसणारा ब्लूटूथ हँडसेट, विकत घेण्यापूर्वी झाकण सावकाश उघडून बिजागरी आडवी हलते का आणि धातूसारखा दिसणारा भाग खरोखर धातूचा आहे की प्लास्टिकवरचा मुलामा, हे पाहावे. खरी मेख मात्र बॅटरीत असते. लिथियम-आयन बॅटरी न वापरता कपाटात पडून राहिली तरी तिची क्षमता घटत जाते, म्हणून ती स्क्रू काढून बदलता येते की आत कायमची चिकटवलेली आहे, हे विक्रेत्याला विचारावेच; मागचे झाकण फुगलेले दिसले, तर वस्तू चार्जिंगला न लावता व्यवहार तिथेच थांबवावा. झाकण उघडताच होणाऱ्या नुसत्या किलबिलाटाच्या आवाजाला भुलू नये. प्रत्यक्ष फोन जोडून पलीकडच्या व्यक्तीला आपले बोलणे स्पष्ट ऐकू जाते का, हे तपासावे, कारण मूळ आकार जपण्याच्या नादात मायक्रोफोनला अडचणीची जागा मिळू शकते. अ‍ॅपशिवाय चालूच न होणारी वस्तू, माझ्या मते, संग्रहासाठी घेऊ नये. प्रतिकृती केवळ मांडून ठेवायची असल्यास बॅटरी साधारण 50 टक्के भरून ती बंद करावी आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावी.